मुळेचे दोन काठ आणि चाकणचा चौक

ज्येष्ठ वद्य सप्तमीला श्रीक्षेत्र देहूहून तुकोबारायांची पालखी प्रस्थान ठेवते. पहिला मुक्काम इनामदार वाड्यात, दुसरा आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात आणि तिसऱ्या दिवशी पालखी पुण्यात नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात विसावते. त्याच दिवशी आळंदीहून दिघी-विश्रांतवाडीच्या वाटेने माउलींची पालखी भवानी पेठेत येते. दापोडीच्या हॅरिस पुलावरून मुळा ओलांडताना वारकऱ्याच्या ध्यानीमनीही नसते की, आपण एका महापालिकेची हद्द सोडून दुसरीच्या हद्दीत पाऊल टाकले. पाण्याच्या टँकरवरचे नाव बदलते, स्वागताच्या कमानीवरचे नाव बदलते, एवढेच. त्या दोन दिवसांत दोन्हीकडची प्रशासने परस्परांशी ज्या तत्परतेने बोलतात, ती पाहून मन प्रसन्न होते. आणि मग प्रश्न पडतो, उरलेल्या तीनशे त्रेसष्ट दिवसांचे काय?

शेजारी राष्ट्रांच्या संबंधांवर आपण पुष्कळ बोलतो. कोणाशी मैत्री वाढवावी, कोणापासून सावध असावे, यावर बौद्धिके होतात, परिसंवाद रंगतात. ते आवश्यकच आहे. पण आपल्या दाराशी, एकाच जिल्ह्यात, एकाच भाषेची, एकाच संस्कृतीची आणि आता एकाच राजकीय विचाराची दोन शासने शेजारी शेजारी नांदत आहेत; त्यांच्यातील सहकार्य कोणत्या अवस्थेत आहे, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. स्थानिक संस्थेला आपल्या कायद्याने 'स्वराज्य संस्था' म्हटले आहे. तेव्हा पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांना दोन शासने म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ३१ लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर होती. एवढ्या लोकसंख्येची सार्वभौम राष्ट्रे जगात कितीतरी आहेत!

या दोन नगरांचे नाते आजचे नाही. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या गादीपुढे पेशवे नतमस्तक होत. चिंचवडच्याच चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ रोजी पुण्याच्या गणेशखिंडीत रँडचा वध करून परकीय सत्तेला हादरा दिला. स्वातंत्र्यानंतर मात्र दोन्ही नगरांच्या वाढीच्या वाटा भिन्न झाल्या. पुणे १९५० मध्ये महापालिका झाले, तेव्हा पिंपरी हे एक खेडे होते. १९५४ मध्ये तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पाठोपाठ टेल्को आणि बजाज आले, आणि ज्वारी-बाजरीच्या शेतांतून भोंग्यांचे आवाज येऊ लागले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे एकत्र करून नगरपालिका स्थापन झाली आणि अवघ्या बारा वर्षांत, १९८२ मध्ये, तिची महापालिका झाली.

त्या काळी पुण्यातील काही मंडळींना ही स्वतंत्र चूल खटकली होती. परंतु ती मांडली गेली नसती, तर उद्योगनगरीचा पैसा पुण्याच्या पेठांत खर्च झाला असता आणि भोसरीचा कामगार चिखलातून कामावर जात राहिला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. जकातीच्या उत्पन्नावर पिंपरी-चिंचवडने रुंद रस्ते बांधले, उड्डाणपूल उभारले. श्रीमंत महापालिका म्हणून तिचा लौकिक झाला. शेजाऱ्याने थोडा हेवाही केला. हे सारे मानवी स्वभावास धरून झाले.

अडचण निराळी आहे. दोन चुली झाल्या, पण घर एकच राहिले. विहीर एक, अंगण एक, परसदारचा ओढा एक. सकाळी कोथरूडचा अभियंता तळवड्याला जातो आणि चिंचवडची मुलगी शिकण्यासाठी पुण्याच्या महाविद्यालयात येते. औंध आणि सांगवी, बोपोडी आणि दापोडी, बालेवाडी आणि वाकड यांच्यामध्ये मुळेचे पात्र तेवढे आहे. सोयरिकी दोन्ही काठांवर जुळतात. मग विहिरीचा गाळ कोणी काढायचा, ओढ्यात कचरा कोणी टाकायचा नाही, अंगणाला सारवण कोणी घालायचे, हे जर दोन चुलींनी बसून ठरवले नाही, तर घराची जी दशा होते, ती आज आपण अनुभवत आहोत.

सहकार्य अजिबात झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन परिवहन संस्था एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ अर्थात पीएमपीएमएल स्थापन झाले. त्यापूर्वी दोन गावांतून दोन रंगांच्या, दोन व्यवस्थांच्या बस धावत. एकत्रीकरणाने एका तिकिटावर, एका पासावर निगडीचा माणूस कात्रजपर्यंत जाऊ लागला. तोट्याचा भार पुण्याने साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवडने चाळीस टक्के उचलावा, असे सूत्र ठरले. सूत्र साधे आहे, समजण्यासारखे आहे आणि, महत्त्वाचे म्हणजे, लिखित आहे. त्यामुळेच कुरबुरी झाल्या, देणी थकली, मार्गांवरून आणि गाड्यांच्या वाटपावरून रुसवेफुगवे झाले, तरी संस्था मोडली नाही. ज्या सहकार्यात कोणी किती द्यायचे हे कागदावर उतरलेले असते, ते माणसे बदलली तरी टिकते. जे केवळ नेत्यांच्या स्नेहावर उभे असते, ते नेत्यांबरोबर जाते. मेट्रोच्या बाबतीतही हेच दिसले. पिंपरी ते फुगेवाडी हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला, १ ऑगस्ट २०२३ रोजी गाडी शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत गेली आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेर भुयारातून स्वारगेटला पोहोचली. मेट्रोसाठी स्वतंत्र कंपनी होती, म्हणून मुळेच्या पात्रावर गाडी अडली नाही.

जेथे अशी यंत्रणा नव्हती, तेथे काय झाले? बालेवाडी आणि वाकड यांच्यामध्ये मुळेवर दोन्ही महापालिकांनी मिळून पूल बांधायचे ठरवले. वाकडच्या कुटुंबांना बाणेर-बालेवाडीकडे जाण्यासाठी महामार्गाचा वळसा घालावा लागतो आणि तेथील कोंडी सर्वांना ठाऊक आहे. निर्णय योग्य होता. पूल बांधून झाला. पण बालेवाडीच्या बाजूच्या जोडरस्त्याची जागा ताब्यात आली नव्हती. परिणामी कोट्यवधी रुपयांचा पूल वर्षानुवर्षे वाहनांची वाट पाहत उभा राहिला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्यांनी तो पूल पाहिला आहे त्यांना माहीत आहे की, त्याच्यासाठी पैसा कमी पडला नव्हता, तंत्रज्ञान कमी पडले नव्हते आणि कोणाचा विरोधही नव्हता. फक्त एका काठावरचा रस्ता तयार होईपर्यंत दुसऱ्या काठावरून पूल ओतू नये, एवढे सांगणारे संयुक्त वेळापत्रक कोणापाशी नव्हते. घरात लग्न ठरवताना आपण कार्यालय, आचारी आणि भटजी यांच्या तारखा एकमेकांशी ताडून पाहतो. दोन महापालिकांना मिळून तेवढे गृहकृत्यदक्ष असणे जमू नये?

आता पाण्याकडे वळू. हा विषय रस्त्यापेक्षा नाजूक आहे, कारण रस्त्यासाठी माणसे चिडतात, पाण्यासाठी जीव जातात. पिंपरी-चिंचवडची तहान पवना धरण भागवते. धरणातून पाणी नदीपात्रात सोडले जाते आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचलले जाते. वाटेत गळती होते, पाणी दूषित होते, म्हणून बंद जलवाहिनीची योजना आली. मावळच्या शेतकऱ्यांना वाटले, नदीतले पाणी नळीत गेले की आपल्या शेताचे काय? त्यांची शंका खरी की खोटी, हा वाद बाजूला ठेवू. त्यांना विश्वासात घेण्याचे काम झाले नाही, हे निर्विवाद आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊर येथे द्रुतगती महामार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी प्राणास मुकले. त्यात एक माउली होती. योजना बारा वर्षे ठप्प राहिली. २०२३ मध्ये शासनाने स्थगिती उठवली, परंतु रक्त सांडलेल्या योजनेची स्थगिती कागदावर उठली म्हणून लोकांच्या मनातून उठत नाही. दरम्यान २०१९ च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहिला. ज्या नगरीची श्रीमंती सांगितली जाते, तेथील गृहिणी एक दिवस पिंपे भरून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी ती पुरवून पुरवून वापरते.

यावर उपाय म्हणून आंद्रा आणि भामा आसखेड या धरणांतील पाणी पिंपरी-चिंचवडला मंजूर झाले. आंद्रातून दररोज १०० दशलक्ष लिटर आणि भामा आसखेडमधून १६७ दशलक्ष लिटर. भामा आसखेड हे धरण चाकणच्या पलीकडे खेड तालुक्यात आहे. याच धरणातून पुण्याच्या पूर्व भागासाठीही योजना झाली, तिचे जलशुद्धीकरण केंद्र चाकणलगत कुरुळीला आहे आणि तिचे लोकार्पण १ जानेवारी २०२१ रोजी झाले. म्हणजे धरण एक, पण जॅकवेल दोन, जलवाहिन्या दोन, खोदकाम दोनदा आणि धरणग्रस्तांशी वाटाघाटी दोनदा. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्या शेतकऱ्यांनी पुनर्वसनासाठी काम अनेकदा बंद पाडले. त्यांनी तरी काय करावे? एका महापालिकेशी बोलावे तर दुसरी आपल्या वाट्याचे निराळेच बोलते. दोन्ही महापालिकांनी एकत्र येऊन धरणग्रस्तांपुढे एकच लेखी प्रस्ताव ठेवला असता, तर वर्षे वाचली असती, पैसा वाचला असता आणि शेतकऱ्याचा मानही राहिला असता.

नद्यांविषयी थोडक्यात. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा संगमावर मुठेला मिळते. पिंपरी-चिंचवडने पवनेत काय सोडले हे पुण्याला बंडगार्डनच्या पुलावर कळते. इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला जाऊन मिळते. तुळापूर म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदानाची स्मृती जपणारी भूमी. त्या इंद्रायणीवर कार्तिकीला आणि आषाढीच्या तोंडावर फेस तरंगताना दिसतो. विचारावे तर प्रत्येक संस्था वरच्या अंगाकडे बोट दाखवते. फेसाला हद्द नसते, हे सत्य त्या बोटांना कोणी सांगावे?

चाकणविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या दोन महापालिकांच्या संसारात चाकण हे वाढत्या वयाचे, पण कोणाच्याच पानात न वाढलेले मूल आहे. १६६० मध्ये शायिस्तेखानाच्या प्रचंड सैन्यासमोर फिरंगोजी नरसाळ्याने ज्या संग्रामदुर्गाची भुईकोट तटबंदी सुमारे दोन महिने झुंजवली, तो हा चाकणचा किल्ला. अलीकडे अलीकडेपर्यंत चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार आणि नाशिक रस्त्यावरचा एक थांबा होता. गेल्या शतकाच्या अखेरीस बजाजचा कारखाना तेथे गेला आणि २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र अशी नावे पाठोपाठ आली. जकातीच्या हद्दीबाहेर स्वस्त जमीन मिळते, हे उद्योजकांच्या गणितात असणारच. म्हणजे पिंपरी-चिंचवडचे उद्योग जेथे संपतात तेथून पुढे चाकणचे सुरू होतात. मधली रेघ फक्त नकाशावर आहे. कामगार राहतो भोसरीत, मोशीत, चिखलीत. काम करतो महाळुंग्यात, निघोज्यात, खराबवाडीत.

तेथे कारभार कोणाचा? चाकण गावाची २०१५ मध्ये नगर परिषद झाली. कारखाने बहुतांशी भोवतालच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत. औद्योगिक क्षेत्राचे रस्ते एमआयडीसीचे. नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएचे. पुणे-नाशिक महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, आडवा जाणारा तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता आणखी निराळ्या यंत्रणेकडे, ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेचे. वाहतूक नियंत्रण मात्र पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाचे! १५ ऑगस्ट २०१८ रोजी हे आयुक्तालय सुरू झाले, तेव्हा ग्रामीण पोलिसांकडचे चाकण, आळंदी, तळेगाव हे भाग त्यात घेतले गेले. म्हणजे या पट्ट्याचे जीवन एक आहे हे गृहखात्याला २०१८ मध्ये कळले, आणि तसा नकाशा त्याने काढला. नगरविकासाला ते कळायला अजून अवकाश आहे.

माझ्या परिचयाचा एक तरुण दिघीत राहतो आणि चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जातो. अंतर वीस किलोमीटरच्या आतबाहेर. पहाटे निघाला तर अर्ध्या तासात पोहोचतो. परतताना तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक ओलांडण्यातच कधी कधी तास मोडतो. घरी येईपर्यंत लहान मुलगी झोपलेली असते. "काका, आठ तास मशिनपुढे उभे राहण्याचा थकवा येत नाही, चौकात उभे राहण्याचा येतो," असे तो म्हणाला, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. त्याच चौकात अवजड कंटेनर, कांद्याचे ट्रक, शाळेच्या गाड्या आणि रुग्णवाहिका एका रांगेत उभ्या असतात. 'जस्ट इन टाइम' ही जपानी पद्धत आमच्या कारखान्यांनी आत्मसात केली. सुटा भाग नेमक्या घटकेला जोडणी-पट्ट्यावर यावा लागतो. तो भाग घेऊन येणारा टेम्पो चौकात तासभर अडकला की सगळी पद्धत कोलमडते आणि त्याचा भुर्दंड शेवटी भोसरीच्या लघुउद्योजकाला बसतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पहाटे येऊन या चौकांची पाहणी केली आणि चाकणसाठी स्वतंत्र महापालिकेची कल्पना मांडली. त्याआधी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली होती, खर्च ७,८२७ कोटी रुपयांच्या घरात. दिल्लीने आपले काम केले. परंतु उन्नत मार्ग वरून जातो आणि माणूस खाली राहतो. खालचा सेवा रस्ता, पदपथ, पावसाळी गटार, बसथांबा, ट्रक उभे करण्याचा तळ ही कामे स्थानिक शासनांनाच करावी लागणार आहेत, आणि वरचे बांधकाम चालू असेपर्यंत खालची वाहतूक कोठून वळवायची याचा विचार दोन महापालिका, नगर परिषद आणि पीएमआरडीए यांनी आताच केला नाही, तर आजची कोंडी सुसह्य होती असे म्हणण्याची पाळी येईल.

येथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सगळे मिळून एकच महापालिका करून टाकावी. हा विचार आकर्षक दिसतो, पण मला मान्य नाही. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पोटात घेतली आणि क्षेत्रफळाने ती राज्यातील सर्वांत मोठी महापालिका झाली. त्या गावांतील लोकांना विचारावे, कर आधी आला की पाणी? फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे तर पुन्हा महापालिकेबाहेर काढून त्यांची नगर परिषद करावी लागली. मोठे केले की चांगले होते, हा भ्रम आहे. आपल्या परंपरेत ग्राम, नगर, जनपद यांना आपापली प्रतिष्ठा होती. पण विकेंद्रीकरण म्हणजे फटकून वागण्याचा परवाना नव्हे.

मग कोणत्या पायावर सहकार्य उभारावे? अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही अशीच जुळी शहरे आहेत, मिसिसिपी नदीच्या काठावरची. उद्योग आपल्याच हद्दीत यावा म्हणून तेथील शहरे आणि उपनगरे एकमेकांशी चढाओढ करीत. १९७१ मध्ये राज्याने कायदा केला. त्या वर्षानंतर व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तांच्या करपात्र मूल्यात जी वाढ होईल, तिच्यातील चाळीस टक्के वाटा सात परगण्यांच्या सामायिक कोशात जमा धरायचा आणि लोकसंख्या व आर्थिक स्थिती पाहून तो सर्व गावांत वाटायचा. कारखाना कोणाच्याही हद्दीत येवो, थोडा लाभ सर्वांना. जुन्या उत्पन्नाला हात लावलेला नाही, फक्त वाढीतला हिस्सा घेतला आहे, हे त्यातले शहाणपण. आपण पाश्चात्त्यांचे अनुकरण करावे असे मी म्हणत नाही. एकत्र कुटुंबात कमावत्या भावांनी सामायिक खर्चाला ठरावीक रक्कम द्यायची आणि उरलेल्यात ज्याने त्याने आपला संसार करायचा, ही रीत आपल्याला परकी नाही. त्यांनी तिचा कायदा केला एवढेच.

जकात गेली, तिच्या जागी २०१३ मध्ये आलेला एलबीटीही २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता संपला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. त्यामुळे उद्योग आपल्या नाक्याच्या आत ओढण्याचे जुने प्रलोभन आता उरलेले नाही. ही संधी आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण-आळंदी-तळेगावच्या नगर परिषदा आणि औद्योगिक ग्रामपंचायती यांनी मालमत्ता कराच्या वाढीतील छोटा हिस्सा, अगदी दहा टक्के जरी, एका सामायिक निधीत ठेवला, तर हद्दीवरचे पूल, नदीतील सांडपाणी आणि कामगारांची बससेवा या तीन गोष्टींना कोणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागणार नाहीत. पाण्याची अदलाबदलही होऊ शकते. पिंपरी-चिंचवडमधील प्रक्रिया केलेले सांडपाणी चाकणच्या कारखान्यांनी कूलिंग टॉवरसाठी, बागेसाठी, धुण्यासाठी घ्यावे आणि तेवढे धरणाचे गोडे पाणी गावांसाठी मोकळे व्हावे. नळ घालणे हे अवघड काम नाही. नळाच्या दोन टोकांना दोन सह्या घेणे, हे अवघड.

यासाठी नवा कायदाही नको. महापालिका अधिनियमात शेजारच्या स्थानिक संस्थेबरोबर संयुक्त समिती नेमण्याची तरतूद आहे. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समिती सांगितली आहे, आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी व पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे आहेत. लोकांनी निवडलेल्यांनी एकत्र बसून महानगराचा विचार करावा, ही घटनाकारांची नंतरच्या पिढीने पूर्ण केलेली इच्छा म्हणावी लागेल. पीएमआरडीए आहे, तिचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. परंतु प्राधिकरण वरून खाली पाहते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिने जाहीर केलेला प्रारूप विकास आराखडा शेवटी २०२५ मध्ये रद्द झाला, यातून काही बोध घ्यायला हवा.

आता जरा आपल्याच घरात बोलू. २०१७ च्या फेब्रुवारीत दोन्ही महापालिकांत भारतीय जनता पक्षाचे बहुमत आले. राज्यात आपले सरकार, केंद्रात आपले सरकार. कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मते मागितली होती, आणि लोकांनी भरभरून दिली होती. पाच वर्षांत मेट्रो आली, काही पूल झाले, हे मान्य करूनही विचारावेसे वाटते, दोन्ही महापौरांनी त्या पाच वर्षांत किती वेळा एका टेबलाशी बसून नदी, पाणी आणि चाकण यांचा विचार केला? मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. प्रशासक दोन्हीकडे राज्य शासनाचेच अधिकारी. त्यांच्यात तरी समन्वय सहज व्हावा, पण तोही मर्यादितच राहिला. २०२६ च्या जानेवारीतील निवडणुकीत मतदारांनी पुन्हा दोन्ही काठांवर त्याच पक्षाला कौल दिला. विरोधकांच्या हाती शेजारची महापालिका असती, तर अडवणुकीचा आरोप तरी करता आला असता. ती सोय मतदारांनी ठेवलेली नाही. संघटनेच्या रचनेतही पुणे आणि चिंचवड यांचे काम निराळे, पण उत्सव, संकट, सेवा यांत कार्यकर्ता कोणत्या भागाचा हे कोणी विचारत नाही. ती सवय महापालिकेच्या सभागृहात शिरताना दाराबाहेर का ठेवावी?

निवडून आलेल्यांची अडचण मला समजते. वाकडच्या नगरसेवकाला बालेवाडीतून मत मिळत नाही आणि चाकणचा कामगार पिंपरी-चिंचवडचा मतदार असला तरी त्याचा त्रास हद्दीबाहेर घडतो, म्हणून प्रभागाच्या अहवालात तो येत नाही. त्यासाठीच नागरिकांनी हा प्रश्न लावून धरला पाहिजे. गृहनिर्माण संस्थांनी, लघुउद्योजकांच्या संघटनांनी, कामगार संघटनांनी आपल्या निवेदनाची एक प्रत शेजारच्या महापालिकेलाही द्यावी आणि दोघांकडून एकाच पत्रावर उत्तर मागावे.

संयुक्त समिती नेमली गेली, तर एक सूचना करतो. तिची पहिली बैठक पुण्यातही नको आणि पिंपरीतही नको. ती चाकणला, नगर परिषदेच्या सभागृहात, कामकाजाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता ठेवावी. सदस्यांनी पोलिसांचा ताफा न घेता, नाशिक फाट्यापासून पीएमपीच्या बसने यावे. कोण किती वाजता निघाले आणि किती वाजता पोहोचले, हे इतिवृत्ताच्या पहिल्या परिच्छेदात नोंदवावे आणि मग विषयपत्रिकेवरचा पहिला विषय घ्यावा.